न झालेल्या तासांची हजेरी

"रजिस्टरात तू रोज हजर आहेस. मग हे गणित येत कसं नाही गं तुला?"

गुरुजींनी मला फळ्यापाशी उभं केलं होतं. पाचवीचा वर्ग. तिसगावजवळच्या आमच्या गावची शाळा. फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज. वर एक आकडा, खाली एक आकडा, मध्ये रेघ. मी खडू धरून नुसती उभी.

येणार कसं? दिवाळीनंतर आईबापाबरोबर मी ऊसतोडीला गेले होते. पाच महिने साखर कारखान्याच्या माळावर, उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत, धाकट्या भावाला सांभाळत. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. पण मुलं कमी दिसली तर शाळेतला एक शिक्षक कमी होईल, म्हणून गुरुजी आम्हा तोडकऱ्यांच्या पोरांना न येताच हजर लावायचे. हे त्यांनाही ठाऊक, वर्गालाही ठाऊक.

मी म्हणाले, "गुरुजी, मी कोपीवर हुते."

"तोंड वर करून बोलतेस? डोक्यात नुसतं पाचट भरलंय."

वर्ग हसला. पाटलांची पोरं जास्त हसली. लाजेनं माझे कान तापले. घरी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "गप ऱ्हा. गुरुजींनी हजर लावलं म्हनून तर पास झालीस." तिचंही खरंच होतं. तेच जास्त लागलं मला.

आज मी याच जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. कंत्राटावर. दर जूनला नवी ऑर्डर मिळेल की नाही, हा घोर कायमचा. शिकले मेकॅनिकल, पण वाट्याला आला 'व्यावसायिक नीतिमत्ता आणि सामाजिक जबाबदारी'. आमचे विभागप्रमुख संस्थाचालकांचे पुतणे. विषय देताना म्हणाले, "मनावर घेऊ नका मॅडम. हा कुणाच्या तरी गळ्यात घालावाच लागतो. आणि सामाजिक काय ते तुमच्या लोकांना जन्मतःच कळतं." स्टाफरूम हसली. मीही हसले. त्याची चीड अजून जात नाही.

माझा तास शनिवारी शेवटचा. तो कधी स्नेहसंमेलनाच्या तालमीला जायचा, कधी दुसऱ्यांच्या राहिलेल्या प्रॅक्टिकलला. अख्ख्या सत्रात चार तास झाले माझे.

मग तपासणी समिती येणार असल्याचं कळलं. विभागप्रमुख सरांनी माझ्यापुढं हजेरीचं कोरं रजिस्टर टाकलं आणि तीन पेनं. "सगळे तास भरा. पेन बदलत राहा, एका बैठकीत लिहिल्यासारखं दिसायला नको. मधूनमधून दोन-चार गैरहजर टाका, म्हणजे खरं वाटतं."

मी लिहिलं. हो, मीच. नीतिमत्तेच्या न झालेल्या तासांची हजेरी दिवसभर बसून लिहिली. डोळ्यांपुढं जूनची ऑर्डर होती. गैरहजर कुणाला टाकायचं, तेही मनाला येईल तसं.

दुसऱ्या दिवशी त्यावर मुलांच्या सह्या घ्यायच्या होत्या. शेवटच्या बाकावरची एक मुलगी रजिस्टरावर वाकली आणि एका पानावर बोट ठेवून थांबली.

"मॅडम, या महिन्यात मी न्हवते. आईच्या हाताला कोयता लागला, तिच्या जागी मी तोडीला गेल्ते. तुमाला अर्ज दिला हुता. अन् तुमी मला दर तासाला हजर लावलंय."

"सही कर," मी म्हणाले. "तुझ्याच फायद्याचं आहे."

तिनं मान खाली घालून सही केली. तिचे कान लाल झालेले मला दिसले. ते कान माझ्या ओळखीचे होते.

वर्ग रिकामा झाल्यावर मी तिथंच बसले. लाल पेन घेतलं आणि प्रत्येक खोट्या तासावर लिहिलं, 'तास झाला नाही.' खाली माझी सही. त्या मुलीच्या नावापुढं लिहिलं, 'गैरहजर. ऊसतोड.' नेऊन सरांच्या टेबलावर ठेवलं.

सर ओरडलेही नाहीत. "तुमच्या लोकांना वर आणलं की हे असं होतं," एवढंच म्हणाले. रजिस्टर खणात टाकलं, दुसरं कोरं काढलं आणि विभागात नुकत्याच लागलेल्या एका मॅडमना हाक मारली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिनं सगळं लिहून काढलं, सह्यांसकट. तीही कंत्राटावरच, तिला काय बोलणार? समिती आली, चहा-नाश्ता झाला, रजिस्टर कुणी उघडलंही नाही. शेरा मिळाला 'उत्तम'. माझ्यानं काहीच थांबलं नाही.

शनिवारी तास घेतला. अकरा जण होते. ती मुलगी होती. मी सांगितलं, "खोटी हजेरी मी लिहिली होती. अर्ज हातात असताना लिहिली." कुणी हसलं नाही. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिला तो हक्क आहे.

जूनमध्ये ऑर्डर मिळणार नाही हे दिसतंच आहे. न मिळो. पण जी पोर तोडीला गेली, ती तोडीला गेली असंच माझ्या हातानं लिहिलं जाईल. तिला वर्गात बसलेली दाखवायला हा हात पुन्हा उठणार नाही.