आप्पांनी दिलेली हाळी

उस्मानपुऱ्यातून निघालो तेव्हा आप्पा, म्हणजे माझे वडील, माझ्याआधी गाडीत जाऊन बसले होते. पिशोरकडे सख्ख्या भावाला भेटायला निघालेला माणूस एवढा गंभीर का, म्हणून मी चिडवलं. क्रांती चौक ओलांडल्यावर ते बोलले, "दादा मला आता 'या, बसा' करतो. पाव्हण्यागत." कंपनीतल्या नोकरीसाठी आप्पांनी मेंढरं सोडली, त्यांच्या दादानं, म्हणजे माझ्या तात्यांनी, नाही. हे शल्य मला ठाऊक होतं, तरी ऐकून वाईट वाटलं.

फुलंब्रीला चहा-भजी झाली. पुढे दोन्हीकडे कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाट्या, मधूनच हरभऱ्याचा हिरवा तुकडा. आप्पा बोट दाखवत सुटले: इथं आपला वाडा (मेंढपाळांचा मुक्काम) पडायचा, तिथं पाणी लागायचं. बघता बघता त्यांचा आवाज मोकळा झाला.

पिशोरच्या अलीकडे, कापलेल्या मक्याच्या रानात तात्या भेटले. "या, बसा," म्हणत त्यांनी घोंगडं अंथरलं. आप्पांचा चेहरा उतरला.

चहा उकळेपर्यंत ते शेजारच्या हरभऱ्याला वळसा घालून पलीकडच्या बांधावर गेले आणि काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी आजोबांची हाळी दिली. प्रत्येक घराची हाळी निराळी. परक्या हाळीला मेंढरं ढुंकून बघत नाहीत. तात्या अजून आजोबांचीच देतात. त्यामुळे सगळा कळप मान वर करून आप्पांकडे धावला, थेट हरभऱ्यातून!

शेतमालक ओरडत आला. "कोनी बोलावली ही मेंढरं?"

"माझ्या भावानं," तात्या म्हणाले. "घरचा आवाज हाय, येनारच की! तुमचं नुकसान झालं खरं. आज रात्री मेंढरं तुमच्या मोकळ्या रानात बसवतो. काय घेनार नाय."

रात्रभराच्या लेंडीखताचं नाव निघताच मालक निवळला. एरवी त्यासाठी मेंढपाळाला धान्य द्यावं लागतं.

मग तात्यांनी आपली काठी आप्पांच्या हातात कोंबली. "आता तूच काढ भाईर. मी भाकर खातो." आणि खरंच पाठ फिरवून जेवायला बसले. आप्पांची जी धावपळ उडाली ती बघून मी पोट धरून हसलो. डोळेही भरून आले, ते मी पुसले नाहीत.

संध्याकाळी निघताना तात्या गाडीपाशी आले. "इतवारी लोकर कातरायची हाय. लवकर ये. मागल्यावानी उन्हं वर आल्यावर उगवू नको."

शहराकडे वळल्यावर आप्पा म्हणाले, "बघितलंस? कसा हुकूम सोडतो!" एवढ्या आनंदानं तक्रार करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.