तिप्पण्णा तात्यांची थुंकी

मला उभं केलं. भरल्या हॉलमध्ये.

"ही आमची मुलगी. त्या वस्तीतलीच आहे," मॅडम माइकवर म्हणाल्या. "हिच्यामुळे सॅम्पल इतके सहज मिळाले. नाहीतर हे लोक बाहेरच्याला दारात उभं करत नाहीत."

टाळ्या वाजल्या. मी हात जोडले. हसलेसुद्धा.

माझ्या मागं पडद्यावर तिप्पण्णा तात्यांचा चेहरा होता. दोन फोटो. एक समोरून, एक बाजूनं. फोटो काढायचा म्हणून तात्यांनी लग्नातला पटका बांधला होता. पडद्यावर तो कापून टाकलेला. नुसतं कपाळ, नाक, जबडा. नाव नाही, नंबर. आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं, वेगळा राहिलेला आदिम गट.

वाकडच्या एका मोठ्या सोसायटीचं क्लब हाउस. रविवारची सकाळ. 'आपण आलो कुठून?' असं व्याख्यानाचं नाव. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे हे जिवंत नमुनेच की. आमचं बेसमेंट खोदायला असलेच लोक होते. आम्ही फुकटात पाहिलेत."

हॉल हसला. मॅडमही हसल्या. मी अजून उभीच होते. बस म्हणायचं कुणाच्या लक्षात नव्हतं.

आमची जात दगड फोडणारी. मोशीच्या पुढं, बंद पडलेल्या खाणीच्या कडेला आमची वस्ती. बाप खाणीतच खोकून गेला. आई चाकणच्या एका कंपनीत ठेकेदाराकडून झाडू-पोछा करते. मी बायोटेक शिकले. वस्तीतली पहिली एम.एस्सी. पिंपरीकडच्या एका संशोधन संस्थेत कंत्राटावर टेक्निशियन म्हणून लागले. मॅडम तिथल्या प्रमुख.

काम असं. माणसाच्या थुंकीत पेशी असतात. त्यातून डीएनए काढायचा. त्यात ठरावीक जागी खुणा असतात. कुणाच्या खुणा कुणाशी किती जुळतात ते बघायचं. त्यावरून पूर्वज कुठले असतील, कोण कुणात मिसळलं, याचा अंदाज करायचा. अंदाज. मॅडम हा शब्द लॅबमध्ये वापरायच्या, माइकवर नाही.

मी कुठं राहते ते लॅबमध्ये सांगितलं नव्हतं. "मोशी," एवढंच म्हणायची. एकदा बँकेच्या कामाला आधार कार्ड काढलं, मॅडमनी पत्ता वाचला.

"तू तिथली? अगं, आधी का नाही बोललीस? आम्ही वर्षभर त्या लोकांच्या मागं आहोत."

मला बरं वाटलं. खरं सांगते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पत्त्याचा कुणाला आनंद झाला होता.

मॅडमना घेऊन मी वस्तीत गेले. लोक माझ्याकडं बघून तयार झाले. मॅडमकडं बघून नाही. नळ्या मी धरल्या. थुंका म्हणून मी सांगितलं. म्हाताऱ्या बायका लाजल्या, पदर तोंडाला लावून हसल्या आणि थुंकल्या. वाचून दाखवायचा मजकूर होता, तो मी भराभरा वाचला. तुम्ही कधीही नको म्हणू शकता, हेही त्यात होतं. तेही भराभराच.

तिप्पण्णा तात्या वस्तीतले सगळ्यात जुने. बापाला दगड फोडायची सुतकी, घण धरायला त्यांनी शिकवलं. त्यांची नात लक्ष्मी बारावी झालेली, नर्सिंगला जायचं म्हणत होती. जातीचा दाखला अडला होता. तुमचं मूळ गाव कुठलं, जुना पुरावा आणा, असं तहसीलमध्ये म्हणत होते. जिथं खाण तिथं घर. पुरावा कुठून आणायचा?

तात्यांनी नळी हातात घेतली आणि मला विचारलं, "पोरी, ह्यातनं आमचं गाव निघंल का? निघालं तर लक्ष्मीला दाखला मिळंल?"

नाही मिळणार. मला माहीत होतं. थुंकीतून गाव निघत नाही, आणि तहसीलदार असला कागद बघतही नाही.

मॅडम शेजारी उभ्या होत्या. मी म्हणाले, "उपयोग होईल, तात्या."

ते थुंकले. मग फोटोसाठी बाजूला मान वळवायला सांगितली, तेव्हा म्हणाले, "बाजूनं कशापायी? पोलीस काढत्यात तसा?"

"तसंच काढतात, तात्या," मी म्हणाले.

व्याख्यान संपलं. मॅडम मला त्यांच्या गाडीतून घेऊन निघाल्या. माझ्या डोक्यात पडद्यावरचा दुसरा तक्ता होता. त्यात त्या हॉलमध्ये बसलेल्या बहुतेकांच्या जातीचा गट होता, मॅडमच्याही. ते नमुने मीच तपासले होते. तो गटही आमच्याइतकाच बंद. पिढ्यानपिढ्या आपसातच लग्नं. खुणा तेच सांगत होत्या. पण त्याच्याखाली लिहिलं होतं, परंपरा जपलेला गट.

मी विचारलं, "मॅडम, दोन्ही गट सारखेच बंद आहेत. मग आम्ही आदिम कसे?"

त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "अगं, ते सामान्य लोकांना कळावं म्हणून. मनाला नको लावून घेऊस. तू आता त्यांच्यातली थोडीच राहिलीस?"

त्या रागावल्या नव्हत्या. प्रेमानं म्हणाल्या. त्यांच्या मते ते कौतुक होतं.

हॉलमधलं हसणं मी गिळलं होतं. हे गिळता येईना. मी नाशिक फाट्यालाच उतरले.

घरी आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत तिचे. म्हणाली, "मला काय सांगतीस? तात्याला सांग. आत्ता जा."

तात्या दारात बाजेवर बसले होते. मला बघून सरकले, जागा केली. "निघालं का गाव?"

मी बसले नाही. मोबाईलवर व्याख्यानातलं ते पान उघडून फोटो दाखवला. त्यांनी तो लांब धरून, जवळ धरून बघितला.

"माझा पटका कुठं हाय?"

त्यांनी बोट फोटोखाली नेलं.

"खाली काय लिवलंय?"

"आदिम."

"म्हंजी रानटी?"

"हां."

"अन् तू काय केलंस तिथं?"

"हात जोडले."

लक्ष्मी आतून येऊन उभी राहिली होती. तात्यांनी फोन मला परत दिला. "अन् दाखला?"

"त्याचा दाखल्याशी काही संबंध नव्हता, तात्या. मला तेव्हाच माहीत होतं."

त्यांनी शिवी दिली असती तर चाललं असतं. ते लक्ष्मीकडं बघत राहिले. लक्ष्मी आत गेली. त्या घरात मी लहानपणापासून जेवत आलेय. त्या दिवशी मला कुणी पाणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी समाजमंदिरासमोर सगळ्यांना बोलावलं. पहिल्यांदा नीट सांगितलं, सावकाश. खुणा काय असतात. काय कळतं, काय नाही कळत. हेही सांगितलं की फार पूर्वी सगळे सगळ्यांत मिसळत होते. मॅडमच्या पूर्वजांत आणि आपल्या पूर्वजांत तीच माणसं सापडतात. मग लग्नाच्या वाटा बंद झाल्या, आणि त्या बंद झाल्याची खूण आपल्या रक्तात राहिली.

तात्या म्हणाले, "वाटा आमी न्हाई बंद केल्या. आमाला कुनी इचारलंच न्हाई. अन् रानटी आमी?"

मग ते मला म्हणाले, "आमचं आमाला माघारी दे."

"थुंकी माघारी देता येत नाही, तात्या. पण टाकून द्यायला लावता येते. तो हक्क आहे तुमचा. मी भराभरा वाचला होता तो."

ज्यांनी नमुने दिले होते ते सगळे टेम्पोत बसून संस्थेच्या गेटवर आले. म्हाताऱ्यासुद्धा. वॉचमन आत सोडेना. मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"काय चाललंय हे? तू समजावून सांग त्यांना."

"मीच समजावून आणलंय."

त्या खुर्चीतून उठल्या. "मी तुला वर आणलं."

"मॅडम, तुम्ही माझ्यावर पाय देऊन वस्तीत गेलात."

एवढंच बोलले.

नियम त्यांनाही माहीत होता. डीप फ्रीझरमधून नळ्या काढल्या. मीच काढल्या. प्रत्येक नळीवर मी चिकटवलेला नंबर. तात्यांना मी आत घ्यायला लावलं होतं, ते काचेपलीकडं उभे राहून बघत होते. नळ्यांत औषध ओतून सगळं नष्ट केलं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

झालं नव्हतं. आकडे तक्त्यात मिसळून गेले होते, ते आता निघत नाहीत असं मॅडम म्हणाल्या. फोटो किती जणांच्या मोबाईलमध्ये गेला ते कुणालाच माहीत नाही. त्या हॉलमध्ये तात्या कायमचे रानटी झाले. ते मी त्यांना तिथंच सांगितलं. खोटं बोलायची माझी पाळी संपली होती.

माझं कंत्राट पुढं वाढवलं नाही. आता चाकणला एका कंपनीत मशीनचं तेल आणि थंड ठेवायचं कूलंट तपासते. शिफ्टमध्ये. सुट्टीच्या दिवशी लक्ष्मीबरोबर तहसीलला जाते. दाखला अजून मिळालेला नाही. तिचं एक वर्ष गेलं. माझ्या 'उपयोग होईल'वर विसंबून तिच्या घरचे काही महिने तहसीलला गेलेच नव्हते, हे मला नंतर कळलं. तात्या माझ्याशी बोलतात. कामापुरतं. पूर्वी 'पोरी' म्हणायचे. आता नावानं हाक मारतात.

मध्यंतरी दुसऱ्या एका लॅबमधून फोन आला. गोड आवाजाचा मुलगा. "मॅम, तुमच्या कम्युनिटीत तुमची ओळख आहे ना? तुम्ही सोबत आलात तर आमचं काम सोपं होईल."

मी म्हणाले, "माझ्या ओळखीनं येऊ नका. यायचं तर वस्तीसमोर जमिनीवर बसा. काय शोधताय, काय लिहिणार, कुणाला दाखवणार, ते आधी सांगा. फोटोखाली नाव घालणार का, सांगा. आणि ते नाही म्हणाले तर उठून जा."

"पण मॅम, तुम्ही नुसतं सोबत..."

"नाही."

मी फोन ठेवला. तात्यांनी मला माफ केलेलं नाही, करूही नये. पण माझ्या पाठीवर पाय देऊन माझ्या माणसांपर्यंत आता कुणी जाणार नाही. मी वाकणार नाही.