समुद्रकाठची तुटक रेष

"माह्या बांधीत गुडघाभर चिखल आहे साहेब. जंगल कुठून आलं?"

चामोर्शीकडच्या सगुणाबाई रेंजर साहेबांच्या टेबलापुढे उभ्या होत्या. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावायला तयार आणि आमच्या गार्डानं रोवणाच थांबवलेला. कारण नव्या नकाशात त्यांची बांधी, म्हणजे धानाचं शेत, अन् शेजारची बोडी, म्हणजे पाण्याचं छोटं तळं, रिझर्व्ह जंगलात गेली होती. आणखी आठ दिवस गेले असते तर पऱ्हे वाया, वर्षाचा धानही गेला असता.

नकाशा माझ्या हातचा. पन्नासच्या दशकात मी चांद्याच्या जंगल ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. हात एवढा साफ, की साहेब लोक माझं काम तपासत नसत. मी ठणकावून सांगितलं, रेष बरोबर आहे, शेतच पुढं सरकलं असेल.

"धुऱ्यावरचा मोह सासऱ्याच्या वेळचा आहे, भाऊ. तो बी सरकला का?"

हे मला झोंबलं. तणतणत फील्ड शीट काढली. जागेवर मोजणी करून काढतात तो पेन्सिलीचा कच्चा नकाशा. त्यात शेताच्या बांधावर मोहाचं झाड होतं. जंगलाची हद्द त्याच्या बरीच पलीकडे, पुसट झालेली. मग ही रेष आली कुठून?

शीट उलटली आणि रेष सापडली. तेव्हा कागदाची टंचाई. महायुद्धानंतर मिलिटरीचे जुने छापील नकाशे गठ्ठ्यानं आले होते, त्यांच्या कोऱ्या पाठीवर आम्ही कच्चं काम करायचो. या कागदावर कुठला तरी समुद्रकाठ छापला होता. वाळू, खाडी, टेकड्या आणि तोफांच्या सरावाची तुटक हद्द. कॉपी करताना मी शीट खिडकीच्या काचेला लावून वर दुसरा कागद धरायचो, उजेडानं रेषा दिसायच्या. मागची तुटक रेषही दिसली. आमची हद्दही तुटकच काढतात. पुसट सोडून मी ठळक गिरवली, तीही सुबक.

"साहेब, चूक माझी," मी म्हणालो. "बाईंच्या धानात मी तोफखान्याची हद्द घातली."

रेंजर साहेबांनी शीट काचेला लावून स्वतः पाहिली. मला दोन शब्द सुनावले, ते रास्तच होते. दुपारपर्यंत दुरुस्त नकाशावर सही झाली, गार्डाला चिठ्ठी गेली.

निघताना सगुणाबाईंनी तो निळा भाग काय म्हणून विचारलं. समुद्र, मी म्हणालो. त्यांनी निळ्यावर बोट ठेवलं.

"सरकारजवळ एवढं पाणी आहे, अन् माह्या बोडीवर काऊन डोळा?"

माझा हात पुढंही साफच राहिला. फक्त कागद आधी उलटून पाहायला लागलो.