अंबरनाथचा हामान

मार खावा तर हनोख झिराडकरने. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत बेने इस्राएल मंडळींत, म्हणजे इथल्या यहुद्यांत, त्याच्यासारखा पडणारा दुसरा नट नव्हता. पुरीमला, जुन्या माणसांच्या भाषेत होळीच्या सणाला, तो दर वर्षी हामान व्हायचा. देशातले सगळे यहुदी एका दिवसात कापून काढायला निघालेला आणि शेवटी स्वतःच फासावर चढलेला तो वजीर. चर्मपत्रावरची कथा वाचताना त्याचं नाव आलं की लोक पाय आपटतात, डबे बडवतात. अंबरनाथला त्यापुढे नाटकही असे, आणि नाटकाच्या शेवटी गाठ मारलेल्या टॉवेलांनी हामानाला बदडायचा हक्क सगळ्यांना. काजळाच्या मिशा, चाळमालकीण बनूबाईंच्या जरीच्या लुगड्याचा फेटा, असा हनोख धाडकन कोसळायचा, की बायकांना हसून हसून ठसका लागायचा.

१९८७ साली मात्र त्याला बघून हसायला कुणी आलं नव्हतं.

मंडळींतले निम्मे पुरुष मोरिवलीच्या एकाच कारखान्यात होते. तिथला संप आदल्या पावसाळ्यात मोडला. तो मोडण्याआधीच हनोख पोलिसांच्या गाडीत बसून फाटकातून आत, कामावर गेला होता. बायकोच्या, सुंदराबाईच्या, पोटात गाठ होती, ऑपरेशन थांबणार नव्हतं. ती वाचली. शेवटपर्यंत संपावर राहिलेल्या, हनोखला मामा म्हणणाऱ्या रहमीम पेझारकरचा बाप त्याच दिवसांत औषधावाचून गेला. तेव्हापासून हनोखच्या घरचं पाणी कुणी प्यालं नाही. नवसाच्या मलिद्याचं ताट फिरायचं, ते त्याला टाळून पुढे जायचं.

"जाऊ नका," त्याच्या मिशा रंगवता रंगवता सुंदराबाई म्हणाली. "होईल दुसरा कुणी हामान."

"दुसरा होता तो इस्राएलला गेला. मला बोलावणं आलंय."

"मार खायला आलंय. जेवायला नाही."

"मार झाला की पंगत असते. बघू, बसवतात का पंगतीत."

बनूबाईंच्या चाळीतली पुढची मोठी खोली हेच तिथलं प्रार्थनेचं ठिकाण. दाराच्या चौकटीवरच्या मेजूजाला, पवित्र वचनाच्या डबीला, हात लावून, तो ओठांना टेकवून हनोख आत शिरला. प्रार्थना चालवणाऱ्या बाणाजीकाकांनी कथा वाचली. डबे वाजले, पोरं किंचाळली, नाटक सुरू झालं. हनोख फेटा सावरत मधोमध आला आणि छाती काढून म्हणाला, "राजा माझा, मोहोर माझी, माझ्यापुढे वाकणार नाही तो कोण?"

"मी," म्हणत रहमीम उठला. नाटकात त्याचं काम नव्हतं. "काय हामानसाहेब, आज पोलिसांची गाडी नाही आणली?"

पहिला फटका खांद्यावर बसला आणि हनोखला कळलं, टॉवेलच्या गाठीत लोखंड आहे. कारखान्यातला बोल्टचा नट असावा. दुसरा कानामागे बसला. तिसऱ्याने वरचा दात तुटला. मग बाकीचे उठले. त्यांच्या गाठीत काही नव्हतं, पण हातात संपाचा राग होता. कुणी टॉवेल टाकून बुक्क्या घातल्या, कुणी केस धरून डोकं फरशीवर आपटलं.

"बस" एवढं ओरडला असता तरी ते थांबले असते. हनोख ओरडला नाही. यांचे हात दमू देत, मग पंगतीत एक पान माझं, असा त्याचा हिशोब होता. तोंडातलं रक्त गिळून तो आपली वाक्यं म्हणत राहिला. "राजा माझा. मोहोर माझी." रहमीमने बरगडीत लाथ घातली, आत कडकन काहीतरी मोडलं आणि पुढचं वाक्य घशातच राहिलं.

"मेल्यांनो, मरेल तो," म्हणत बनूबाई मध्ये घुसल्या आणि रहमीमला केसाला धरून त्यांनी मागे ओढला.

सगळे थांबले. काहीजण आपल्याच हातांकडे बघत होते. दाराशी पिचकाऱ्या घेऊन आलेल्या शेजारच्या पोरांना फरशीवरचं ते लाल म्हणजे रंगच वाटला.

ऊन कलल्यावर बाणाजीकाका संध्याकाळच्या प्रार्थनेला उभे राहिले. दहा पुरुष असल्याशिवाय कद्दिश, मेलेल्यासाठीची प्रार्थना, म्हणता येत नाही, आणि बापामागे वर्षभर तो म्हणायचं काम मुलाचं, म्हणजे रहमीमचं. माणसांची मोजदाद करू नये म्हणून काकांनी रिवाजाप्रमाणे दहा शब्दांचं वचन घेतलं, एका शब्दाला एक माणूस. नवव्या शब्दानंतर उभा पुरुष उरला नाही. काकांचं बोट फरशीकडे, सुंदराबाईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेल्या हनोखकडे वळलं आणि तिथंच राहिलं.

"नवात होऊ द्या की, काका," रहमीम पुटपुटला.

"नवात होत नाही. त्याला विचार."

रहमीम खाली वाकला. संपानंतर पहिल्यांदा त्याने ती जुनी हाक मारली. "मामा. बाबांसाठी उभे राहा."

हनोखने आधी भिंत धरली, मग सुंदराबाईचा खांदा. तो उभा राहिला, फेटा काढून तिच्या हातात दिला. मग बॉयलरवर कोळसा ओढून राठ झालेल्या उजव्या हाताची मूठ त्याने रहमीमच्या नाकावर अशी हाणली, की तो बाकासकट मागे कोसळला.

कुणी पुढे आलं नाही.

"मघाशी मार खाल्ला तो हामानाने," हनोख धापा टाकत म्हणाला. "आणि हा तुला मामाने दिला. ऊठ. म्हण बापाचं."

काकांनी दहावा शब्द उच्चारला.

रहमीमने कद्दिश म्हटला. नाकातलं रक्त ओठांवरून सदऱ्यावर उतरत होतं आणि शब्द मध्येच बुडत होते. तो अडला की हनोख आमेन म्हणे. दर आमेनला मोडकी बरगडी आत टोचत होती, आणि तरी त्याचाच आवाज सगळ्यांच्या वर होता.

मग पानं मांडली. कुणी कुणाला बोलावलं नाही, हनोख सरळ जाऊन बसला आणि त्याच्यापुढे पान आलं. पुरणपोळीचा घास त्याला चावेना. शेजारी नाकाला फडकं लावून बसलेल्या रहमीमने दुधाची वाटी त्याच्याकडे सरकवली.

"भिजवून खा," तो म्हणाला.