गावोगाव वाजलेली माझी कॅसेट

हल्ली माझा भाचा मोबाइलवर स्वतःची गाणी टाकतो आणि दर अर्ध्या तासानं किती लोकांनी ऐकली ते पाहतो. मी त्याला हसत नाही. कोणत्या तोंडानं हसू? नव्वद सालाच्या आसपास मी जे करून बसलोय, ते ऐकलंत तर तुम्ही मला दुसरा कप चहा द्यायचे नाहीत!

तेव्हा आदिलाबादला आमचं किराणा दुकान होतं आणि मी गायक होतो. म्हणजे, असं माझं मत होतं. कापूसवेचणीवरचं एक गाणं मीच लिहिलं, मीच चाल लावली आणि एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत मीच गायलो. गाणं आनंदाचं बरं का! शेत पांढरं झालं, गाडी भरली, चला आता घरी, असं. पण त्या दिवशी मला सर्दी झाली होती, आणि पेटीवाला इतका संथ, की एका कडव्यात अख्खं शेत वेचून व्हावं. मला वाटलं, काय दर्द आलाय आवाजात!

पन्नास कॅसेटी भरून घेतल्या. वर माझा फोटो, खाली गायक, गीतकार, संगीतकार, निर्माता. चारही जागी नाव माझंच. एकही दुकानदार विकायला ठेवीना. मग मी डोकं लढवलं. खेड्यात गाणं कोण ऐकवतो? माईकवाला. लग्न असो की बारसं, झाडावर भोंगा बांधणारा तोच. मी भीमपूरकडच्या गावोगावच्या माईकवाल्यांना एकेक कॅसेट फुकट वाटून आलो.

आणि गाणं चाललं की हो! बाजाराच्या दिवशी दुकानात येणारं गिऱ्हाईक सांगायचं, परवा आमच्या गावात तुमचं गाणं वाजलं. मी विचारायचो, लोक किती होते? कोणी म्हणे सारा गाव, कोणी म्हणे आजूबाजूची चार गावं. एका म्हातारीनं तर सांगितलं, ऐकता ऐकता बायका ढसाढसा रडल्या. मी तिला साखर फुकट दिली. वडील बघतच राहिले.

सदू नावाचा एक माईकवाला भेटला, तो म्हणाला, "भाऊ, दुसरी कॅसेट लावतच नाई आता. तुमचीच लावून राह्यलो."

नेमकं सदूच्याच गावातलं स्थळ मला सांगून आलं. मुलीचा फोटो पाहिला आणि मी तिथंच गार. अडचण एकच होती. तिचे वडील, गणपतराव, गाणाऱ्याला मुलगी द्यायला नाखूष होते. म्हटलं, थांबा, दाखवतोच तुम्हाला गाणारा काय चीज असतो. सदूला निरोप धाडला, आम्ही मुलगी पाहायला पोचलो की माझं गाणं लाव. त्यानं उलट विचारलं, नक्की लावू? मला वाटलं, बिचारा संकोचतोय. कळवलं, खुशाल लाव, शिवारभर ऐकू जाऊ दे.

गणपतरावांच्या ओसरीवर मी आणि मामा बसलो. पोहे आले. मुलगी चहा घेऊन बाहेर आली आणि भोंगा सुरू झाला. मी मान खाली घातली. कलावंतानं नम्र असावं.

पहिलं कडवं संपतंय तोवर शेतांतली माणसं कामं टाकून गावाकडे पळत सुटली. मी मामाला कोपरानं ढोसलं, बघ, पब्लिक बघ! माणसं थेट आमच्याच अंगणात शिरली, टोप्या काढून खाली बसली. बायका गळा काढतच आल्या. एक जण तर खांद्यावर बांबू घेऊन आला.

एक शेजारी माझ्याजवळ सरकला.

"बुढा कवा गेला?"

"कोण बुढा?"

"गणपतरावचे वडील. महिन्याचे खाटेवर होते ना."

"ते आत पोहे खाऊन राह्यले."

त्यानं भोंग्याकडे पाहिलं. "मंग हे गानं काऊन लावलं? गावात मौत झाली, की वावरातल्या लोकायले बलवाले हेच लावते. माह्या मायच्या टायमालेबी हेच होतं."

किती लोक जमले, ते मी सगळ्यांना विचारलं होतं. कशाला जमले, ते एकालाही विचारलं नव्हतं.

तेवढ्यात हा काय गलका म्हणून आजोबा स्वतःच काठी टेकत बाहेर आले, आणि दोन बायका जागच्या जागी बसल्या. मुलगी आत पळाली. आतून तिचं हसणं ऐकू आलं, थांबेचना. मला खरंच रडू येत होतं.

गणपतरावांनी हात जोडले. "पाव्हने, तुमी जवाई झाले तं माह्या घरी रोज सांत्वनाले लोक येतीन."

मामा चपला शोधायला लागला. मी पायरी उतरलो, तर आजोबांनी हाक मारली. म्हटलं, चला, एक तरी रसिक निघाला. त्यांनी माझा हात धरला.

"पोरा, आवाज लय गोड हाय तुहा. सदूची कॅसेट घासून गेली हाय. एक नवी ठिऊन जाय. माह्या टायमाले मधातच अडकाले नाई पायजे."

मी पिशवीतून कॅसेट काढली आणि दिली. वर सही करून.