कचरा ओळखणारा हवालदार

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या सिद्धलिंगप्पा हवालदाराचा कान म्हणजे कान होता, एवढं मान्य करायलाच हवं. माणूस कसा होता ते पुढं कळेलच. पलटणीत बारा वर्षं त्यानं सुरुंग शोधले, पेन्शन घेऊन सोलापूरला आला आणि येताना पुण्याच्या जुन्या बाजारातून मोडीत निघालेलं लष्करी यंत्र घेऊन आला. लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती, पाठीवर बॅटरीचा डबा, कानाला भोंगे. जमिनीत लोखंड असलं की कानातला सूर खाली पडायचा; पितळ, तांबं, असलं काही असलं की वर चढायचा. बाकी सगळं कानाचं काम.

"हे दाढीचं पातं. ही बैलाच्या खुराची पत्री. हे बाटलीचं झाकण," असं तो न उकरता सांगायचा आणि उकरलं की तेच निघायचं. लोक तोंडात बोट घालायचे. पलटणीत हा शहाणपणा चालत नव्हता. तिथं सूर बदलला की गुडघ्यावर बसायचं आणि माती बाजूला करायची, खाली रिकामा डबा का असेना. इथं कोण विचारतोय? वर्षभरात गडी इतका फुगला की उकरायला लागणं हाच त्याला अपमान वाटू लागला.

चौऱ्याहत्तर साली वळसंगच्या दगडाबाईचं बोलावणं आलं. तिच्या सुनेच्या, सोजरच्या, मंगळसूत्रातली एक वाटी हरवली होती. दोन वाट्यांतली एक माहेरची, एक सासरची; हरवली नेमकी सासरची. सोजर म्हणत होती, राखेनं भांडी घासताना दोरा तुटला आणि राखेबरोबर वाटी उकिरड्यात गेली. दगडाबाई म्हणत होती, दुष्काळापासून हिच्या सांगोल्याच्या भावाची चूल धड पेटत नाही, तिकडं पोचवली. नवरा बाळासो आईमागं खाली मान घालून उभा. गावची पाच माणसं बसली होती. ठरलं असं, की यंत्रानं वाटी दाखवली तर सोजर घरात. नाही तर संध्याकाळच्या एस.टी.नं सांगोला, कायमचं.

हवालदारानं उकिरड्यावर चकती फिरवली. खिळा. पत्री. डब्याचं झाकण. प्रत्येक वस्तू तो मोठ्यानं सांगत होता, आणि बसलेली माणसं माना डोलवत होती. मग एका कडेला सूर वर चढला. बारीक, चिरका. हवालदार थांबला.

"घरात सिगारेट कोण ओढतं?"

"मी," बाळासो म्हणाला. "बाजारादिवशी."

"मग पाकिटातली चांदी हाय ती, चकाकता कागद. कचरा." आणि तो पुढं सरकला.

"मामा, तितं एकदा उकरून बघा की," सोजर म्हणाली. "मी तितंच राख टाकती वो."

"मला शिकवतीस व्हय गं?"

ती खाली बसून हातानंच शेण उपसायला लागली, तशी दगडाबाईनं तिला दंडाला धरून उठवलं. "यंत्र सांगतंय न्हवं, कचरा हाय म्हनून! अजून किती तमाशा?" संध्याकाळी सोजर गाडीत बसली. शेणानं भरलेले हात धुवायलासुद्धा तिला कुणी पाणी दिलं नाही. हवालदार ओसरीवर भजी खात होता. खा बाबा, खा!

घरी त्यानं बायकोला, सुंदरम्माला, सगळं रंगवून सांगितलं. ती बिचारी सहज म्हणाली, "अहो, मग सोन्याचा आवाज कसा असतो?"

 सुरुंग ऐकले होते, कचरा ऐकला होता; सोनं त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. पलटणीत सोनं कोण पुरतो? त्यानं तिला कानातलं सोन्याचं फूल परसात मातीखाली ठेवायला लावलं, शेजारी सिगारेटची चांदी, आणि स्वतः डोळे मिटून चकती फिरवली. दोन्हीकडं तोच आवाज. बारीक, चिरका.

चौथ्या दिवशी तो एकटाच वळसंगला गेला. उकिरड्याच्या कडेला वीतभर उकरलं आणि वाटी हाताला लागली. त्याला खरंच आनंद झाला हो, धावतच तो ओसरीवर गेला. "दगडाबाई, पोरगी खरी बोलत व्हती! आणा तिला परत."

दगडाबाईनं वाटी पदरानं पुसली, न्याहाळली आणि कमरेच्या पिशवीत टाकली. "बाळासोला दुसरी बघितलीया. वाटी बी नवी करायला नको आता."

"अवो, पण ती चोर न्हाय!"

"मग चला की चावडीवर. त्याच पाच जणांना बोलावते. सांगा त्यांना, यंत्राला काय कळत न्हाय, मी उगंच बोललो, पोरीचा संसार मोडला. चला, उठा." आणि ती खरंच उठून उभी राहिली, चप्पल शोधू लागली.

पुढच्या आठवड्यात अक्कलकोटचं बोलावणं होतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात मोहोळचं. मिलच्या फाटकावर माणसं त्याला सलाम करत होती. एवढंच सांगायचं होतं त्याला, चार वाक्यं. मेल्याच्या जिभेला काय झालं होतं?

"ऱ्हाऊ द्या," हवालदार म्हणाला.

"मंग च्या घ्या," दगडाबाई म्हणाली. तो चहा त्यानं घेतला.

परतीच्या एस.टी.त शेजारच्या म्हाताऱ्यानं यंत्राकडं बोट दाखवलं. "हवालदार, ह्याला मातीतलं सगळं कळतं म्हनं?"

"व्हय," सिद्धलिंगप्पा म्हणाला. "सगळं."