घोडवाटेचा शेवटचा नंबर

तारापूरच्या अण्णा साव्यांनी एकच शर्यत पंचावन्न वर्षं जिंकली. लग्नाच्या मांडवात चार माणसं जमली रे जमली, की अण्णांच्या टांग्याची घोडी चांदणी सुटलीच म्हणून समजा.

सुरूच्या बनापासून काळ्या खडकापर्यंत ओहोटीला वाळूची एक टणक पट्टी उघडी पडते. जुने लोक तिला घोडवाट म्हणत. होळीच्या पुनवेला बोईसर स्टेशनावरचे सगळे टांगेवाले तिथे टांगे पळवायचे. पुढे रिक्षा आल्या, टांगे गेले आणि शर्यत पाहिलेली माणसंही एकेक करत गेली. उरले अण्णा. त्यामुळे घोडवाटेचा इतिहास म्हणजे अण्णा सांगतील तो, आणि सांगताना अण्णांनी कधी हात आखडता घेतला नाही.

यंदा पंचायतीने किनाऱ्यावर घोडवाटेच्या शर्यतीचा दगडी फलक लावायचं ठरवलं. पंचायतीतली भाग्यश्री वही घेऊन ओट्यावर आली, तेव्हा अण्णांना आभाळ ठेंगणं झालं. चांदणीने चौदा वर्षं त्यांचं घर चालवलं होतं आणि तिचा साधा फोटोही कुठे नव्हता. दगडावर तिचं नाव लागलं की आपण डोळे मिटायला मोकळे, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"लिही," अण्णा म्हणाले, "होळीची पुनव. दुपारचे बारा. ऊन मी म्हणतंय. आमची चांदणी सगळ्यांच्या पुढं..."

ओट्याच्या टोकाला जमना मासळीची पाटी उतरवून टेकली होती. ऐंशी गाठली तरी या कोळणीचं दारोदार फिरणं सुटलं नव्हतं. तिने बोटांच्या पेरांवर तिथी मोजली आणि फिस्सकन हसली.

"पुनवेला दुपारी बाराला भरती रे अण्णा. कमरेएवढं पाणी. तुझी घोडी पवत होती काय?"

भाग्यश्रीचं पेन थांबलं. तिथीवरून भरती सांगणं इथल्या शेंबड्या पोरालाही येतं. पण गोष्टीत दरवेळी थोडा मसाला घालायची अण्णांना खोड, आणि आज फलकाच्या आनंदात ऊन जरा जास्तच पडलं.

"मग सकाळी असंल," अण्णा पुटपुटले.

"सकाळीच होती, सहाला. मी होती ना तिथं! मांडवात तू काय पन सांग, इतकी वर्सं मी गप ऱ्हायली. दगडावर खोटं नको."

अण्णांनी डोळ्यांनी खूप विनवलं, पण जमना थांबते कसली!

"मी रोज पाटी घेऊन याच्याच टांग्यातून बोईसरच्या बाजारात जायची. त्या दिशी शर्यत बघाया होड्यांपाशी उभी ऱ्हायली, पाटी डोक्यावर. चांदणी पुढं होती, खोटं नाय. पन मला बघितलं नि थांबली! यानं चाबूक दाखवला, हात जोडले. हलायलाच तयार नाय. मी पाटीसकट टांग्यात बसली, तवा निघाली. आमी सगल्यात शेवटी पोचलो. अख्खा किनारा हसून लोळत होता."

"मग जिंकलं कोण?" भाग्यश्रीने ओठ दाबून विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणालाच आठवेना.

"चांदणीचं नाव खोड," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "हरलेल्या घोडीचं नाव कोण लिवतो?"

"हरली कुठं?" जमना उसळली. "बाकीची पळत होती. ती कामावर होती."

अण्णांनी उपरण्याने डोळे पुसले आणि बराच वेळ पुसतच राहिले. मग म्हणाले, "लिही पोरी. जसं झालं तसं लिही."

आता तो फलक सुरूच्या बनाशी उभा आहे. त्यावर विजेत्याचं नाव नाही. सगळ्यात खाली मात्र कोरलंय: 'शेवटचा नंबर, घोडी चांदणी. वाटेत रोजची प्रवासी दिसली म्हणून थांबली.'

वाचून लोक हसतात. अण्णा तिथेच बाकावर बसलेले असतात. "हसा," ते म्हणतात, "पन नाव मोठ्यानं वाचा."